‘शक्ती’ : पित्याचे कर्तव्य आणि पित्याचे प्रेम
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून एका हिंदी चित्रपटाविषयी व्याख्यान व्हावे, याचे काही ज्येष्ठांना आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे. परंतु संस्था पन्नास वर्षांची होते तेव्हा तिच्या सभागृहात तीन पिढ्या एकत्र बसलेल्या असतात. पायाभरणीच्या काळी तरुण असलेले आजोबा, आज कारभार सांभाळणारे वडील आणि उद्या तो सांभाळतील अशी अपेक्षा असलेली नातवंडे. एका पिढीची मूल्ये दुसरीकडे कशी पोहोचतात आणि वाटेत कोठे अडतात, हा अशा प्रसंगी मनात येणारा पहिला प्रश्न होय. आजच्या विषयाचा चित्रपट याच प्रश्नावर उभा आहे आणि त्यातही आजोबा, वडील आणि नातू अशा तीनच पिढ्या आहेत. तो चित्रपट म्हणजे १९८२ साली प्रदर्शित झालेला ‘शक्ती’.

‘शोले’चे दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी तो दिग्दर्शित केला. निर्माते मुशीर-रियाझ, कथा-पटकथा-संवाद सलीम-जावेद यांचे, संगीत राहुलदेव बर्मन यांचे आणि गीते आनंद बक्षी यांची. दिलीपकुमार आणि अमिताभ बच्चन हे दोन पिढ्यांचे दोन श्रेष्ठ नट या चित्रपटात पिता-पुत्र म्हणून समोरासमोर उभे राहिले. राखी आणि स्मिता पाटील यांच्या भूमिका तोलामोलाच्या होत्या. १९८३ च्या फिल्मफेअर समारंभात सर्वोत्कृष्ट चित्रपट, सर्वोत्कृष्ट पटकथा आणि सर्वोत्कृष्ट अभिनेता हे पुरस्कार त्याला लाभले. अभिनयाच्या पुरस्कारासाठी पिता आणि पुत्र या दोघांचेही नामांकन झाले होते. तो मान पित्याला, म्हणजे दिलीपकुमारांना मिळाला आणि तो त्यांचा या श्रेणीतील आठवा पुरस्कार ठरला. त्यापूर्वी १९७४ साली ‘तंगप्पदक्कम’ या तमिळ चित्रपटात शिवाजी गणेशन यांनी अशाच कर्तव्यकठोर पोलीस पित्याची भूमिका केली होती. म्हणजे हा संघर्ष एका भाषेपुरता नाही, घराघरांतला आहे.

कथेचा आरंभ वृद्ध अश्विनीकुमारांपासून होतो. निवृत्त पोलीस अधिकारी असलेले आजोबा रेल्वे स्थानकावर नातवाला उतरवून घेण्यासाठी आलेले आहेत. नातू रवी पदवी घेऊन परतला आहे. ही छोटी भूमिका तेव्हाच्या नवोदित अनिल कपूर यांनी केली होती. पुढे काय करणार, असे विचारल्यावर तो आजोबांप्रमाणे पोलीस खात्यात जाण्याची इच्छा प्रकट करतो. आजोबा त्याला शाबासकी देत नाहीत आणि परावृत्तही करत नाहीत. या मार्गावर काय काय द्यावे लागते, हे ते त्याला सांगू लागतात. संपूर्ण चित्रपट हे त्या आजोबांनी नातवाला केलेले कथन आहे. या योजनेचे महत्त्व चित्रपट संपेपर्यंत लक्षात येत नाही, म्हणून तिच्याकडे शेवटी वळणे उचित ठरेल.

अश्विनीकुमार हे मुंबईतील प्रामाणिक आणि कर्तव्यदक्ष पोलीस अधिकारी. पत्नी शीतल आणि एकुलता मुलगा विजय असे त्यांचे छोटे कुटुंब आहे. जे. के. हा गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या. त्याचा एक साथीदार पोलिसांच्या ताब्यात असतो. त्याला सोडवून घेण्यासाठी जे. के. लहानग्या विजयचे अपहरण करतो आणि दूरध्वनीवरून पित्याला निरोप देतो की, साथीदाराला सोडा, नाहीतर मुलगा गमवा. मुलाच्या हाती फोन दिला जातो. भेदरलेले लेकरू वडिलांना आर्जवाने सांगते की, मला वाचवा. पलीकडून उत्तर येते ते एका पोलीस अधिकाऱ्याचे. मुलाचा जीव गेला तरी आपण कर्तव्याशी द्रोह करणार नाही, असे अश्विनीकुमार स्पष्ट शब्दांत सांगतात आणि ते शब्द मुलगा स्वतःच्या कानांनी ऐकतो.

मुलगा वाचतो. टोळीतल्याच नारंग नावाच्या माणसाला त्याची दया येते आणि तो त्याला निसटून जाऊ देतो. ही भूमिका कुलभूषण खरबंदा यांची. अशा रीतीने एका बालकाच्या मनात दोन अनुभव कायमचे कोरले जातात. ज्याने वाचवायचे त्याने वाचवले नाही आणि ज्याने मारायचे त्याने सोडून दिले. पुढे तरुण विजय नोकरीच्या शोधात असताना हाच नारंग त्याला आपल्या हॉटेलात काम देतो. वडील त्याला बजावतात की, हा मनुष्य तस्कर आहे, त्याची नोकरी करू नकोस. विजयच्या दृष्टीने मात्र हिशेब सरळ आहे. आपला प्राण कोणी वाचवला, हे तो विसरू शकत नाही. तेथून तो गैरमार्गाला लागतो, घर सोडतो आणि शेवटी पित्यावरच पुत्राला बेड्या घालण्याची वेळ येते.

चित्रपट आला तेव्हा प्रेक्षकांत दोन पक्ष पडले. एकाच्या मते अश्विनीकुमार हे आदर्श पुरुष होत, कारण ज्याच्या हाती कायदा आहे त्याने स्वतःच्या मुलासाठीही तो वाकवता कामा नये. दुसऱ्याच्या मते ज्या पित्याला स्वतःच्या लेकराचा आक्रोश ऐकू आला नाही, त्याच्या तत्त्वांना काय करायचे? चार दशके उलटली तरी हा वाद मिटलेला नाही. आजही हा चित्रपट एकत्र पाहणाऱ्या कुटुंबात वडीलधारे सहसा पित्याची आणि तरुण मंडळी पुत्राची बाजू घेताना दिसतात.

या वादात एक गोष्ट मात्र दुर्लक्षित राहते. कर्तव्य आणि प्रेम यांपैकी काय निवडावे, हा या चित्रपटाचा मुख्य प्रश्न नाहीच. ती निवड पहिल्या काही प्रसंगांतच होऊन जाते. उरलेला सारा चित्रपट त्या निवडीनंतर घरात काय घडले नाही, याविषयी आहे. हे समजून घेण्यासाठी याच लेखकद्वयाच्या दुसऱ्या एका चित्रपटाशी त्याची तुलना करणे उद्‍बोधक ठरेल.

‘शक्ती’च्या सात वर्षे आधी, १९७५ साली, सलीम-जावेद यांच्याच लेखणीतून ‘दीवार’ आला होता. यश चोप्रा त्याचे दिग्दर्शक. त्याच्याही आरंभी एक पिता आहे आणि तोही तत्त्वनिष्ठ आहे. आनंदबाबू हे कामगारांचे पुढारी. ही भूमिका सत्येन कप्पू यांनी केली होती. मालक त्यांच्या पत्नी-मुलांच्या जिवाचा धाक घालतात आणि कामगारांच्या हिताविरुद्धच्या कागदावर सही मागतात. प्रसंग तोच आहे. एका तागडीत लेकरांचे प्राण, दुसरीत तत्त्व. आनंदबाबू लेकरांना निवडतात आणि सही करतात. मुले वाचतात. परंतु कामगार त्यांना विश्वासघातकी ठरवतात, ते घर सोडून परागंदा होतात आणि त्यांच्या थोरल्या मुलाच्या हातावर, बाप चोर असल्याची अक्षरे लोक गोंदवून ठेवतात. त्या मुलाचेही नाव विजयच आहे, मोठेपणीच्या विजयची भूमिका अमिताभ बच्चन यांचीच आहे आणि तोही तस्करीच्या मार्गाला लागून अकाली मरतो.

दोन्ही कथा शेजारी ठेवल्या म्हणजे एक विलक्षण सत्य समोर येते. एका पित्याने मुलासाठी तत्त्व सोडले, दुसऱ्याने तत्त्वासाठी मुलाला पणाला लावले. निर्णय परस्परविरुद्ध, परिणाम मात्र एकच. याचा अर्थ मुलाचे आयुष्य उद्ध्वस्त होण्याचे कारण केवळ त्या निर्णयात शोधून चालणार नाही. मग ते कोठे शोधायचे? दोन्ही घरांत एक साम्य आहे. ‘दीवार’मधला पिता कोणाला काही न सांगता निघून जातो. ‘शक्ती’मधला पिता घरातच राहतो, पण तोही काही सांगत नाही. आपण असे का केले, ते करताना आपल्या जिवाचे काय झाले, हे दोन्ही मुलांना कोणी सांगितलेच नाही. एकाच्या हातावर लोकांनी अर्थ लिहिला आणि दुसऱ्याने आपल्या बालबुद्धीने तो मनातच लिहून घेतला.

अश्विनीकुमारांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते. त्या दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या मनुष्याची अवस्था प्रेक्षकांना दिसते. त्या चेहऱ्यावर पित्याची वेदना आणि अधिकाऱ्याचा निश्चय यांची झुंज स्पष्ट उमटलेली आहे. दिलीपकुमारांनी तो प्रसंग आक्रोश न करता, आवाजावर कमालीचा ताबा ठेवून उभा केला. परंतु जे प्रेक्षकांना दिसले ते मुलाला दिसले नाही. त्याच्यापर्यंत फक्त शब्द पोहोचले, चेहरा पोहोचला नाही. लहान मूल पित्याच्या मनात डोकावू शकत नाही. त्याला जे ऐकू येते आणि दिसते तेच त्याचे सत्य. त्या रात्रीनंतर मुलाला मांडीवर घेऊन दोन वाक्ये बोलली गेली असती, तर कदाचित पुढचा चित्रपटच घडला नसता. पण अश्विनीकुमार पुन्हा कामाला लागले. कामाचा व्याप मोठा होता, गुन्हेगार मोकाट होते आणि आपण चूक केलेली नाही याची त्यांना खात्री होती. चूक केलेली नसेल तर खुलासा कशाला करायचा, असे बहुतेक सज्जन पित्यांना वाटते.

येथे एक भेद काळजीपूर्वक करायला हवा. साथीदाराला सोडू नकोस, ही आज्ञा कर्तव्याची होती. मुलाशी बोलू नकोस, अशी आज्ञा कर्तव्याने कधीच दिली नव्हती. कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात, नीतीच्या कोणत्याही ग्रंथात तत्त्वनिष्ठ पुरुषाने अबोल असावे असे लिहिलेले नाही. ती सवय होती, त्या पिढीची रीत होती. पित्याने प्रेम दाखवायचे नसते, ते मनात ठेवायचे असते आणि मुलाने ते ओळखून घ्यायचे असते, असा समज होता. अश्विनीकुमारांनी तत्त्वाबरोबर ही रीतही तितक्याच निष्ठेने पाळली. तत्त्वाने मुलाला जखम केली हे खरे, परंतु ती भरून आली नाही ती या रीतीमुळे.

या दोन मौनांच्या मध्ये शीतल उभी आहे. राखी यांनी ही आई अत्यंत संयत रीतीने साकारली. १९७६ च्या ‘कभी कभी’त ज्या अभिनेत्रीला प्रेक्षकांनी अमिताभ यांची प्रेयसी म्हणून पाहिले होते, तिने अवघ्या सहा वर्षांनी त्यांच्या आईची भूमिका स्वीकारणे ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. शीतलला पतीचे मोठेपण ठाऊक आहे आणि मुलाची जखमही ठाऊक आहे. ती एकाला दुसऱ्याचे मन सांगत राहते. अनेक घरांत आईचे निम्मे आयुष्य असेच जाते. वडिलांचा निरोप मुलाला द्यायचा, मुलाचा राग वडिलांपर्यंत सौम्य करून पोहोचवायचा, आणि दोघांनाही वाटत राहते की ही पक्षपाती आहे. पण निरोप कितीही नेमका दिला तरी तो निरोपच असतो. वडिलांच्या तोंडून ऐकायचे शब्द आईच्या तोंडून ऐकल्याने समाधान होत नाही. शीतल हा पूल जपता जपता थकते आणि अखेरीस पतीवर झालेल्या हल्ल्यात तिचाच बळी जातो.

रोमा ही या कथेतील चौथी महत्त्वाची व्यक्ती. पुण्यात जन्मलेल्या, खानदेशातील सार्वजनिक कार्यात रमलेल्या कुटुंबातून आलेल्या आणि दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावरील वृत्तनिवेदिका म्हणून मराठी घरांना प्रथम परिचित झालेल्या स्मिता पाटील यांनी ती उभी केली. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ या चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या या अभिनेत्रीला येथे फार प्रसंग नाहीत. परंतु रोमामुळे एक गोष्ट स्पष्ट होते. जो विजय पित्यासमोर दगडासारखा उभा राहतो, तोच तिच्यासमोर मोकळा होतो. म्हणजे त्याचा स्वभाव मुळात कठोर नाही. बोलण्याची आणि ऐकण्याची त्याची भूक शाबूत आहे, फक्त ती ज्या दारी भागायला हवी होती ते दार बंद आहे. १९८६ साली अवघ्या ३१ व्या वर्षी स्मिता पाटील यांचे निधन झाले आणि अशा भूमिकांतील त्यांची ताकद किती मोठी होती हे पुष्कळांना नंतर जाणवले.

शीतलच्या मृत्यूनंतरचा प्रसंग हा हिंदी चित्रपटसृष्टीतील सर्वश्रेष्ठ प्रसंगांपैकी एक मानला जातो. विजय कैदेत आहे. आईच्या अंत्यदर्शनासाठी पोलिसांच्या बंदोबस्तात त्याला घरी आणले जाते. पिता भिंतीशी जमिनीवर बसलेला आहे. पुत्र येतो, आईला पाहतो, आणि मग पित्याजवळ जाऊन बसतो. त्याच्या हाताला स्पर्श करतो. दोघांच्याही तोंडून एक अक्षर निघत नाही. संवादांसाठी ख्यातनाम असलेल्या लेखकांनी आणि संवादफेकीसाठी ख्यातनाम असलेल्या नटांनी येथे केवळ स्पर्शावर सारे सोडून दिले आहे. प्रेक्षक या प्रसंगाने हेलावतात, कारण त्या स्पर्शात जन्मभराचे वात्सल्य असते. तरीही हा प्रसंग पुन्हा पाहिला की मन अस्वस्थ होते. इतक्या वर्षांत ही दोघे एकमेकांच्या इतकी जवळ प्रथमच आली आणि तीही निरोप पोहोचवणारी आई निघून गेल्यावर. त्या क्षणीही त्यांना शब्द सापडत नाहीत. थोड्याच वेळात पोलीस मुलाला परत घेऊन जातात.

त्यानंतर विजय कैदेतून निसटून आईच्या मारेकऱ्याचा सूड घेतो. विमानतळावर पिता त्याचा पाठलाग करतो, थांबण्याचा इशारा देतो आणि तो थांबत नाही असे पाहून गोळी झाडतो. प्राण सोडताना पुत्र पित्याच्या कुशीत आहे. आपण वडिलांवरचे प्रेम मनातून काढून टाकण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, पण ते जमले नाही, असे तो सांगतो. तेव्हा पिता प्रथमच म्हणतो की, आपलेही त्याच्यावर तितकेच प्रेम होते. त्यावर मुलगा विचारतो की, मग हे कधी सांगितले का नाही? या प्रश्नाला उत्तर नाही. कर्तव्याविषयीचे सर्व प्रश्न अश्विनीकुमारांनी आयुष्यभर न अडखळता सोडवले होते. हा एकच प्रश्न असा होता की, त्यात कायदा, खाते, गुन्हेगार यांपैकी कोणाचाही संबंध नव्हता. तो फक्त पिता आणि पुत्र यांच्यामधला होता.

हा चित्रपट इतका खरा का वाटतो, याचे एक कारण दिलीपकुमारांच्या स्वतःच्या जीवनातही दिसते. १९२२ साली पेशावर येथे जन्मलेल्या युसूफ खान यांचे वडील फळांचे व्यापारी होते. मुंबईत आल्यावर त्यांचा व्यवसाय क्रॉफर्ड मार्केटमध्ये चाले आणि कुटुंब काही काळ नाशिकजवळच्या देवळालीलाही राहिले. वडील करारी होते. एकदा त्यांच्याशी मतभेद झाल्यावर तरुण युसूफ घर सोडून पुण्याला गेले आणि तेथे लष्करी क्लबच्या कॅन्टीनमध्ये काम करून, सँडविच विकून काही पैसे जमवून परतले. १९४४ साली ‘ज्वारभाटा’ या चित्रपटातून दिलीपकुमार या नावाने ते पडद्यावर आले. चित्रपटाच्या धंद्याविषयी वडिलांना तिटकारा असल्यामुळे हा व्यवसाय त्यांनी वडिलांपासून काही काळ दडवून ठेवला होता. वडिलांविषयी आदर आहे, प्रेम आहे, पण मनातली गोष्ट सांगण्याची छाती होत नाही, ही अवस्था या नटाने स्वतः पुत्र म्हणून अनुभवली होती.

पडद्यावरही त्यांनी प्रथम पुत्राचीच बाजू मांडली. १९६० च्या ‘मुगल-ए-आझम’मध्ये ते शाहजादा सलीम होते आणि राज्याच्या तत्त्वासाठी पोटच्या पुत्राला शिक्षा फर्मावणारा अकबर पृथ्वीराज कपूर यांनी साकारला होता. त्याच पृथ्वीराजांनी १९५१ च्या ‘आवारा’त स्वतःचा मुलगा आरोपीच्या पिंजऱ्यात असल्याचे ठाऊक नसलेला न्यायाधीश रंगवला होता आणि तो मुलगा झाले होते त्यांचेच चिरंजीव राज कपूर. ‘मुगल-ए-आझम’नंतर २२ वर्षांनी सलीम झालेला नट पित्याच्या जागी आला. वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या दिलीपकुमारांनी अश्विनीकुमारांना खलनायकही केले नाही आणि देवताही केले नाही. एका चांगल्या मनुष्याला जे करता आले नाही, ते त्यांनी दाखवले. ७ जुलै २०२१ रोजी वयाच्या ९८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा अनेकांना त्यांच्या शेकडो प्रसंगांतून आईच्या अंत्यदर्शनाचा तो निःशब्द प्रसंगच प्रथम आठवला असेल.

समाजबांधवहो, आपल्यापैकी कोणाच्या मुलाचे अपहरण होण्याची किंवा कोणावर विमानतळावर गोळी झाडण्याची वेळ येत नाही, हे सुदैव आहे. परंतु त्या दूरध्वनीचा प्रसंग लहान प्रमाणात प्रत्येक सचोटीच्या घरात घडत असतो. एखादा व्यापारी पावतीशिवाय माल विकण्याचे नाकारतो आणि शेजारच्या दुकानदाराचा मुलगा नव्या मोटारीतून फिरताना त्याच्या मुलाला दिसतो. एखादा अधिकारी लाच घेत नाही, म्हणून त्याची वरचेवर बदली होते आणि त्याच्या मुलीच्या चार शाळा बदलतात. एखादा बाप प्रवेशासाठी मागच्या दाराने पैसे देणार नाही म्हणतो आणि कमी गुण मिळवलेला मित्र आपल्या आधी इंजिनीअर होताना मुलगा पाहतो. या प्रत्येक वेळी पित्याचा निर्णय योग्यच असतो. पण त्या निर्णयाची किंमत पित्याबरोबर मुलालाही मोजावी लागते आणि ती त्याला न विचारता मोजावी लागते. अशा वेळी ‘नाही म्हणजे नाही’ एवढ्यावर विषय संपवणारे पिते पुष्कळ असतात. मूल गप्प बसते. ते पटल्यामुळे गप्प बसले की दुखावल्यामुळे, याची चौकशी होत नाही.

पित्याने मुलापुढे क्षमायाचना करावी असा याचा अर्थ नव्हे. योग्य गोष्टीसाठी क्षमा मागण्याचे कारण नसते. परंतु तुला त्रास झाला हे मला दिसते, मला जे करावे लागले ते मी का केले, आणि ते करताना तू माझ्या मनात होतास, ही तीन वाक्ये सांगता येतात. यातील एकाही वाक्याने तत्त्व सैल होत नाही. उलट मुलाला कळते की, तत्त्व हे आपल्याविरुद्ध उभारलेले हत्यार नसून आपल्या वडिलांनी स्वतःही सोसून सांभाळलेली ठेव आहे. ज्या गोष्टीचे कारण कळते ती पुढे नेता येते. कारण न कळलेले तत्त्व मात्र दुसऱ्या पिढीत एकतर ओझे होते किंवा शत्रू.

याच ठिकाणी चित्रपटाच्या आरंभीच्या योजनेकडे परत वळावे लागते. वृद्ध अश्विनीकुमार नातवाला काय सांगतात? विजयला जे कधी सांगितले नाही, ते सारे. तो दूरध्वनी, ती रात्र, मुलाचा दुरावा, पत्नीचा मृत्यू आणि शेवटी स्वतःच्या हातून सुटलेली गोळी. नातवाच्या पित्याचा प्राण आपण घेतला, ही गोष्ट लपवून ठेवणे सहज शक्य होते आणि बहुतेकांनी ती लपवलीच असती. आजोबा ती लपवत नाहीत. जन्मभर अबोल राहिलेला हा मनुष्य उतारवयात बोलायला शिकला आहे. पुत्राच्या अखेरच्या प्रश्नाचे उत्तर तो पुत्राला देऊ शकला नाही, ते तो नातवाला देतो आहे.

त्याचा परिणाम विचार करण्याजोगा आहे. विजयने कर्तव्याचा केवळ कठोर निर्णय ऐकला होता आणि तो कायद्याविरुद्ध गेला. रवीने त्याच कर्तव्याची पूर्ण हकीकत ऐकली, तिच्यातील रक्त आणि अश्रूंसह ऐकली आणि सारे ऐकून झाल्यावरही त्याचा निश्चय बदलला नाही. तो पोलीस खात्यातच जायला निघतो. तत्त्व तेच, घर तेच, रक्तही तेच. फरक एवढाच की, दुसऱ्या वेळी ते समजावून सांगितले गेले. चित्रपटाचे नाव ‘शक्ती’ का असावे, याचा उलगडा प्रत्येकाने आपापल्या परीने करावा. गोळी झाडताना हात थरथरू न देण्याला शक्ती म्हणता येईल. परंतु ज्याच्या पित्यावर ती गोळी झाडली, त्या तरुणासमोर बसून सारे खरे खरे सांगण्याला त्याहून थोडी अधिक शक्ती लागली असावी.

संस्थेची पन्नास वर्षे पूर्ण होत असताना मागच्या पिढीने सोडलेली बांधकामे आणि हिशेबाच्या चोख वह्या आपल्या हाती आहेत. त्या वह्यांतील प्रत्येक आकड्यामागे कोणी ना कोणी मोह नाकारला असेल, कोणी घरी बोल ऐकून घेतले असतील. त्या गोष्टी वहीत लिहिलेल्या नसतात. जे ज्येष्ठ आज सभागृहात बसले आहेत, त्यांनी त्या आपल्या मुला-नातवंडांना अवश्य सांगाव्यात, यशाच्या तर सांगाव्यातच, पण जेथे घरच्यांना झळ बसली त्याही सांगाव्यात. आणि तरुणांनी त्या विचाराव्यात. विजयने आपला प्रश्न अखेरच्या श्वासासोबत विचारला. आपल्या घरांत तो रात्रीच्या जेवणाआधी, सारे एकत्र बसलेले असताना विचारता येतो.